हो कुणी म्हणायचं

“पोर काय बोलनार? तिच्या वतीनं मी हाय ना,” व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली मार्थाआत्या शेजारणीला सांगत होती.

मी आत, फादरच्या ऑफिसात खुर्च्या मांडत होते. एक फादरची, एक माझी आणि एक नतालची. खिडकीच्या झडपा उघड्या होत्या, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

“तुझी नताल बोलत नाय?” शेजारीण म्हणाली. “त्या दिशी बाजारात पोलिसाला गप केला तिनं.”

“तो पोलीस व्हता. हा पाद्री हाय. आनि लगनाची गोष्ट हाय. लगनाच्या गोष्टीला चांगल्या घरची पोर तोंड उघडते का?”

आत्याच्या बोलण्यात मला त्या वेळी काही विशेष वाटलं नाही. आमच्या वस्तीत कुणाच्याही वतीनं कुणीही बोलतं. आजाऱ्याला कुठे दुखतंय ते डॉक्टरला शेजारीण सांगते, आणि आजारी माणूस मान डोलावतो.

नताल ही आत्याची भाची. आई लहानपणीच गेली, बाप नंतर गेला, आत्यानं वाढवलं. तिचं लग्न कल्याणच्या रेल्वे शेडमधल्या एका फिटरशी ठरलं होतं. आमच्यात लग्न ठरलं की पाद्री नवऱ्या मुलाला आणि मुलीला वेगवेगळं बसवून काही प्रश्न विचारतो. त्यानंतर तीन रविवार चर्चमध्ये, कुणाची हरकत असल्यास कळावी म्हणून, दोघांची नावं वाचली जातात आणि मग लग्न लागतं. आमचे फादर आंद्रे युरोपातून आलेले. त्यांचा प्रश्न नतालपर्यंत न्यायचा आणि तिचं उत्तर त्यांच्यापर्यंत आणायचं, हे माझं काम होतं.

हे लिहिण्याआधी मी नतालला विचारलं. ती म्हणाली, “लिवा की. फक्त नाव बदला, आनि मना जरा उंच करा.” नाव बदललं आहे.

माझ्या कामाला मराठीत नेमकं नाव नाही. मुलं मला टीचर म्हणतात, मोठी माणसं बाय म्हणतात. ठाण्याच्या एका जुन्या देवळात (आमचे लोक चर्चला देऊळच म्हणतात) मी धर्मशिक्षण देते आणि फादरची दुभाषी आहे. स्वातंत्र्यानंतर लवकरच, शाळा संपल्या संपल्या मी हे काम धरलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी नन्सच्या शाळेत इंग्रजीतून शिकले. धर्म इंग्रजीतून पाठ केला, आणि घरी आमची बोली बोलले. छापील मराठी मला धड वाचता येत नव्हतं. नौपाड्यात आम्ही ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या लेलेकाकूंनी मला ते शिकवलं, रोज दुपारी, तांदूळ निवडता निवडता. तेव्हा या लेखात काही बरं वाटलं तर ते काकूंचं.

दुभाषी म्हणून माझी निवड झाली याचं घरी सगळ्यांना हसू आलं होतं. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहते. पण फादरचं म्हणणं वेगळं होतं. ज्याला स्वतःचं काही बोलायची हौस आहे तो दुसऱ्याचं बोलणं नीट पोचवत नाही, असं ते म्हणाले. मला हे काम आवडलं तेही त्याचमुळे. लोकांसमोर बोलायचं, पण वाक्य आपलं नसायचं. त्यात एक आडोसा असतो.

फादर पुस्तकावरून मराठी शिकून आले होते. पहिल्याच आठवड्यात ते मिठागरावर गेले आणि चिखलात गुडघाभर उभ्या असलेल्या पास्कूबाबाला त्यांनी विचारलं, “महोदय, आपण कुशल आहात काय?” पास्कूबाबानं डोक्यावरचं फडकं काढून हात जोडले. नंतर मला म्हणाला, “बाय, फादर लय चांगला हाय. पन त्याला सांग, लातीन देवळात बोल. आमच्याशी मराठीत बोल.”

आमची रविवारची प्रार्थना, म्हणजे मिस्सा, लॅटिनमध्ये असते हे वाचकांना माहीत नसेल. वेदीवर फादर लॅटिनमध्ये बोलतात आणि लोक आपापली जपमाळ ओढतात. प्रवचन मात्र लोकांच्या भाषेत असतं. ते मी मराठीत करून रोमन अक्षरांत लिहून देते, आणि फादर ते वाचतात. कुठे थांबायचं त्या जागी मी लाल पेन्सिलीनं रेघ मारते. एकदा पेन्सिल सापडली नाही, तेव्हा त्यांनी संपूर्ण प्रवचन एका श्वासात वाचलं. लोकांना ते सगळ्यात आवडलं, कारण लवकर संपलं.

धर्मशिक्षण म्हणजे काय शिकवतेस, असं मला नौपाड्यात पुष्कळजण विचारतात. मुख्य म्हणजे मी सात संस्कार शिकवते. आमचा धर्म थोडक्यात सांगायचा तर असा की देवाची कृपा डोळ्यांना दिसत नाही, आणि माणसाला दिसल्याशिवाय पटत नाही. म्हणून ती कृपा दिसणाऱ्या वस्तूंतून दिली जाते. बाळाला बाप्तिस्मा देताना पाणी असतं. थोडं मोठं झाल्यावर बिशप कपाळाला तेल लावून श्रद्धा पक्की करतात. ख्रिस्तप्रसादाला भाकर आणि द्राक्षारस असतो. पाप कबूल करायला गुडघे टेकायची जागा आणि फादरचा कान असतो, मरणाऱ्यासाठी पुन्हा तेल असतं, आणि पाद्री होणाऱ्याच्या डोक्यावर बिशप हात ठेवतात. वस्तू आणि शब्द दोन्ही लागतात. नुसतं पाणी ओतलं आणि बोललं नाही तर ती आंघोळ झाली, असं मी मुलांना सांगते.

राहिलं लग्न. त्याच्याकडे येतेच.

शिकवताना सोपं करून सांगावं लागतं, आणि तिथेच पाय घसरतो. कल्याणच्या रेल्वे कॉलनीत मी आठवड्यातून एकदा जाते. तिथल्या मुलांना मी पोप, बिशप, पाद्री समजावत होते, तर एकजण म्हणाला, “टीचर, बिशप म्हणजे स्टेशनमास्तर ना?” मी हो म्हटलं. लगेच दुसरा म्हणाला, “मग पोपची बदली होते?” तिसरा म्हणाला, “आणि पोपला क्वार्टर केवढं?” त्या दिवशी धर्माचं काही झालं नाही. सगळा तास व्हॅटिकनच्या क्वार्टरवर गेला.

पास्कूबाबाचं निराळं. साठी उलटलेला माणूस, पण लहानपणी मिठागरावर जुंपल्यामुळे त्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद राहून गेला होता. त्यासाठी तो माझ्याकडे येऊन बसायचा, अंगाला खारट चिखलाचा वास घेऊन.

“देव कुठं हाय?” मी विचारायची.

“सगळीकडं,” तो पाठ केल्यासारखं म्हणायचा. आणि मग, “बाय, देव सगळीकडं, तर मिठागरात पन हाय ना?”

“आहे.”

“मग रविवारी भरतीला बांध फुटू नये म्हनून मी मिठागरात ऱ्हायलो, तर मिस्सा चुकली असं फादर कसं बोलतो? देव माझ्यासंगतीच व्हता.”

याचं उत्तर मला घरी येऊन जेवताना सुचलं. देव सगळीकडे आहे, पण पास्कूबाबा सगळीकडे नव्हता. बाकीची माणसं देवळात त्याच्याविना बसली होती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. माझी बरीचशी उत्तरं अशी जेवताना सुचलेली आणि तिथेच राहिलेली आहेत.

भाकरीवरही तो अडला होता. आम्ही मानतो की वेदीवर फादरनी ख्रिस्ताचे शब्द उच्चारले की भाकर ही भाकर राहत नाही, ख्रिस्ताचं शरीर होते. पास्कूबाबानं विचारलं, दिसायला? मी म्हटलं, भाकरच. चवीला? भाकरच. “मग बदललं काय?” पुस्तकातलं उत्तर मला येत होतं, पण ते त्याच्या उपयोगाचं नव्हतं. तेव्हा मी मिठागराची गोष्ट काढली. तिथे समुद्राचं पाणी आटतं आणि मीठ दिसू लागतं. मीठ आधीही होतंच, फक्त दिसणं बदलतं. इथे त्याच्या उलट आहे. दिसणं तेच राहतं आणि आतली वस्तू बदलते. पास्कूबाबा म्हणाला, “म्हंजे बघून कळनार नाय. आइकून मानायचं.” मी हो म्हटलं. आमच्या पुस्तकातही शेवटी तेवढंच आहे.

लेलेकाकूंचे प्रश्न याहून कठीण. त्या निवडलेल्या तांदळातला खडा बाजूला टाकल्यासारखा एकेक प्रश्न टाकतात. बाळ मरायला टेकलं असेल आणि पाद्री जवळ नसेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, असं मी एकदा सांगितलं.

“कुणीही म्हणजे? मीसुद्धा?”

“हो. चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायचं मनात हवं, पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे.”

“आणि मी तुमच्यातली नाही ते?”

“चालतं.”

“नळाच्या पाण्यानं?”

“चालतं काकू.”

काकूंनी सूप खाली ठेवलं. “अगं, आमच्याकडे सत्यनारायणाला शेजारचा गुरुजी चालत नाही यांना, आणि तुमच्याकडे मी चालते!” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “लग्नालाही असंच कुणीही?”

तेव्हा मी त्यांना लग्नाचं सांगितलं, आणि ते वाचकांनाही सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना सोडा, आमच्यातल्याही पुष्कळांना ते ठाऊक नसतं. बाकीचे संस्कार कुणीतरी दुसऱ्याला देतं. लग्न पाद्री लावत नाही. नवरा बायकोला आणि बायको नवऱ्याला तो संस्कार देते. पाद्री साक्षीला असतो.

“मग तो येतो कशाला?” काकू म्हणाल्या.

“तो आणि दोन साक्षीदार नसतील तर लग्न ग्राह्य धरत नाहीत.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखंच. करत काही नाहीत, पण असावे लागतात.”

आणि या संस्कारात पाणी नाही, तेल नाही, भाकर नाही. त्या दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द, एवढंच काय ते. तो शब्द मनापासून नसेल तर बँड, मांडव, फुलं, फादरचे सोन्याच्या काठाचे कपडे, सगळं असूनही लग्न झालेलंच नसतं. पुढे पोरंबाळं झाली तरीही. ज्याला बोलता येतं त्यानं तो शब्द तोंडानं उच्चारायचा. खुणेवर भागवायचं नाही, असा नियम आहे. भाषा येत नसेल तर दुभाषी चालतो.

हे मी संध्याकाळच्या वर्गात शिकवलं तेव्हा नताल पुढच्या रांगेत होती. दिवसा ती आत्याबरोबर सुकी मासळी विकायची, आणि माझ्या वर्गात सगळ्यांत जास्त आवाज तिचा.

“पानी नाय, तेल नाय,” ती म्हणाली. “मग लगनाला लागतं काय?”

“शब्द.”

“फुकटच की!”

सगळा वर्ग हसला. फादर दारावरून जात होते. ते आत डोकावले आणि म्हणाले, “आपणास आनंद झालेला दिसतो.” त्यांची पाठ वळताच नतालनं मान तशीच तिरकी करून, हात मागे बांधून, “आपणास आनंद झालेला दिसतो,” असं म्हणून दाखवलं. मी तोंडावर पुस्तक धरलं. शिक्षिकेनं हसायचं नसतं.

हे स्थळ आत्यानंच आणलं होतं. कल्याणच्या बाजारात ती सुकट घेऊन बसते, तिथे जुजेची, म्हणजे त्या फिटरची, बहीण तिची नेहमीची गिऱ्हाईक. जुजे पस्तिशीचा, बायको वारलेली, मूल नाही, रेल्वेची कायमची नोकरी आणि दोन खोल्यांचं क्वार्टर. आत्याच्या दृष्टीनं यात वाईट काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. आत्या चिखलातून आणि माश्यांतून आयुष्यभर चालली होती. पोरीच्या पायाखाली फरशी असावी, एवढंच तिला हवं होतं. नतालच्या भावानं शब्द देऊन टाकला होता. बँडवाल्याशी बोलणं झालं होतं. येत्या रविवारी देवळात पहिल्यांदा नावं वाचली जायची होती.

त्या दुपारी आधी जुजेला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि खुर्चीच्या टोकाला बसला. फादरनी इंग्रजीतून विचारलं, मी मराठीतून विचारलं: हे लग्न तू स्वतःच्या मर्जीनं करतो आहेस का, कुणाची जबरदस्ती आहे का?

“मर्जीनं,” तो मोठ्यानं म्हणाला. काम झालं होतं, पण तो उठेना. हातातली टोपी फिरवत राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “बाय, फादरला सांगा, तिला पण नीट विचारा. मी दोनदा घरी आलेलो. दोन्ही टाइमाला ती माझ्या चपलांकडं बघत बसली. माझी पहिली बायको लय बडबडी होती. मला गप्प माणूस कळत नाय.”

मी हे शब्दशः सांगितलं. फादर म्हणाले, चांगला माणूस आहे. मलाही तसंच वाटलं.

मग नताल आली आणि तिच्या मागोमाग आत्या. आत्यानं माझी खुर्ची घेतली. मी उभी राहिले. नतालनं आत्याची ठेवणीतली साडी नेसली होती, अंबाड्यात फूल होतं. फादरनी माझ्याकडे बघितलं. मी प्रश्न विचारला.

नताल काही बोलली नाही.

“हो म्हनते ती,” आत्या म्हणाली.

फादरनी मला विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं की आत्या हो म्हणाली. ते हसले. मुलगी लाजते आहे, म्हणाले, साहजिक आहे, पुन्हा विचार.

मी पुन्हा विचारलं. नतालची मान आणखी खाली गेली.

“बघा, मान हालवली!” आत्या म्हणाली. “फादर, झाला. लिवा.”

मी भाषांतर केलं. फादरनी कपाळ चोळलं. त्यांना नियम आठवला असावा, कारण ते आत्याला अगदी नम्रपणे म्हणाले, “महोदया, कृपया आपण बाहेर प्रतीक्षा करावी.” आत्याला शब्द कळले नाहीत, पण फादरचा हात दाराकडे गेलेला दिसला. ती उठली. “आईविना पोर मी वाढवली,” ती मला म्हणाली, “आनि आता मीच बाहेर?” यात खोटं काहीच नव्हतं. ती दाराशी थांबून नतालच्या डोक्यावरचा पदर सारखा करून गेली.

आता आम्ही तिघं उरलो. फादर स्वतःच्या मराठीत म्हणाले, “कन्ये, आपली या विवाहास संमती आहे काय?”

वर्गात असती तर या वाक्यावर तिनं आठवडाभर सगळ्यांना हसवलं असतं. इथे तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तिचे दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते, जसे काही ते तिचे नव्हतेच. ती पदराशी चाळा करत नव्हती, इकडेतिकडे बघत नव्हती. डोळे टेबलाच्या एका पायावर होते आणि तिथून हलत नव्हते.

“बाय,” ती इतक्या हळू म्हणाली की मला वाकावं लागलं, “तुमी सांगा ना.”

“काय सांगू?”

“कायपन. तुमाला येतं ना बोलाया.”

फादर वाट बघत होते. काय म्हणते? मी म्हटलं, ती म्हणते की मी काहीतरी सांगावं. त्यांना वाटलं, शब्द सापडत नाहीत म्हणून मदत मागते आहे. त्यांचा चेहरा मऊ झाला. इतक्या वर्षांत त्यांनी शेकड्यांनी नवऱ्या मुली खाली मान घालून बसलेल्या पाहिल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक नंतर बाळाला घेऊन, हसत बाप्तिस्म्याला आल्या होत्या. ते म्हणाले, या बिचारीला आणखी छळण्यात अर्थ नाही. रविवारी नावं वाचू या. “हो” तर ती वेदीसमोर म्हणेलच. बाहेर जाऊन तसं सांग.

मी तिथेच बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण समोर आयुष्यभर अभ्यास केलेला पाद्री, आणि मी त्याची दुभाषी. माझ्याकडे पोचवायला वाक्य नव्हतं. तिनं हो म्हटलेलं नव्हतं, नाही म्हटलेलं नव्हतं. रिकामी जागा कशी भाषांतरित करायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फक्त एवढं बघितलं की फादर इंग्रजीत “संडे” म्हणाले, तो शब्द मात्र नतालला कळला, आणि तिनं डोळे मिटले.

खोलीतून व्हरांड्यापर्यंत थोडंच अंतर आहे. तेवढ्यात मला जे कळलं ते असं, की वेदीसमोर ती हो म्हणेल. नक्की म्हणेल. देऊळ भरलेलं असेल, मागे भाऊ उभा असेल, बाहेर बँडवाले असतील, आत्या रडत असेल. अशा वेळी कोण नाही म्हणतं? तो हो तोंडाचा असेल, मोठ्यानं म्हटलेला असेल, साक्षीदारांना ऐकू जाईल. आणि तो तिचा नसेल. मी वर्गात जे शिकवते ते खरं असेल तर ते लग्नच नसेल. फक्त हे त्या दोघांनाच कळेल, कल्याणच्या क्वार्टरमध्ये, रोज.

आणि मला हेही कळलं की नाही म्हणायला शब्द लागतच नाही. हो म्हणायला लागतो. तो आलेला नाही, एवढं सांगणं म्हणजे तिच्या वतीनं बोलणं नव्हे.

पुढचं आधी सांगून टाकते. नतालचा भाऊ ईस्टरपर्यंत देवळात फिरकला नाही. वस्तीत माझ्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. इंग्रजी शाळेत गेलेल्या पोरी अशाच, हे त्यातलं सगळ्यांत सौम्य. जुजेनं वर्षभरानं भाईंदरकडच्या एका बाईशी लग्न केलं. ती बडबडी आहे असं ऐकलं. नताल ठाण्यातच एका प्रसूतिगृहात कामाला लागली. नर्सबाईंच्या नकला करते, म्हणजे बरी आहे. तिच्या मनात दुसरं कुणी होतं का, असं मला अजूनही लोक विचारतात. नव्हतं. नको असायला दुसरं कुणी असावंच लागतं असं नाही. मार्थाआत्या माझ्याशी बोलत नाही. देवळात ती माझ्या पुढच्या बाकावर बसते, आणि शांती मागायची प्रार्थना आली की तिची पाठ ताठ होते. तिची पोर तिच्यापासून मी तोडली असं तिला वाटतं, आणि ते मला लागतं, कारण तिचं प्रेम मी त्या दाराशी पदर सारखा करताना पाहिलं होतं.

फादर त्या दिवशी माझ्या मागोमाग दारात आले होते. मी बोललेलं त्यांना नीट समजलं नाही, पण माणसांचे चेहरे समजले. सगळे गेल्यावर त्यांनी विचारलं, मी सांगितलेलंच सांगितलंस ना? मी नाही म्हटलं. मग तू काय म्हणालीस, ते मला इंग्रजीत सांग. मी सांगितलं. स्वतःच्याच वाक्याचं भाषांतर मी पहिल्यांदा करत होते, आणि ते मला जमेना. मला दोनदा सुरुवात करावी लागली. मग त्यांनी रविवारच्या प्रवचनाचे कागद माझ्यापुढे सरकवले आणि नेहमीसारखं म्हणाले, लाल पेन्सिल आणली आहेस का? रविवारी ती नावं वाचली गेली नाहीत.

पण हे सगळं नंतरचं. मी व्हरांड्यात आले तेव्हा बाकावरची सगळी उठून उभी राहिली होती. आत्या, शेजारीण, नतालचा भाऊ, आणि खांबापाशी टोपी हातात घेतलेला जुजे.

“झाला ना, बाय?” आत्या म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी खाली बघितलं. “लाजली असंल पोर. मी बोललीच व्हती. चांगल्या घरची हाय.”

“फादर काय बोलला?” भाऊ म्हणाला. “रविवारी वाचतो ना नावं?”

फादरचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते सोपं होतं, आणि ते माझं नव्हतं. मी तोंड उघडलं, ते वाक्य आलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले, हात पदराकडे गेले, पदराचं टोक मी बोटाला गुंडाळायला लागले, जे मी लहानपणापासून करत आले आहे. मी आत वळून पाहिलं. उघड्या दारातून नताल दिसत होती, हात मांडीवर तसेच उघडे टाकून बसलेली.

“आत्या,” मी म्हटलं, आणि माझा आवाज मला अनोळखी वाटला, “ती लाजलेली नाही. मी लाजरी आहे, जन्माची. मला लाज ओळखू येते. तिनं हो म्हटलेलं नाही, आणि ते तुम्ही म्हणून चालणार नाही, फादरनी म्हणून चालणार नाही, मी म्हणून चालणार नाही.”